एरर आला की गूगलमध्ये नेमकं काय टाकायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चार महिन्यांपासून पायथन शिकतोय. अडलं की गूगल करतो, दहा टॅब उघडतो, कुठला तरी कोड चिकटवतो. कधी चालतो, कधी नाही. आणि चालला तरी का चालला ते कळत नाही. इंग्रजी बेताचंच आहे. सध्या गावांच्या यादीची सीएसव्ही फाइल वाचतोय, तर 'की-एरर: गाव' असं येतंय. 'गाव' नावाचा कॉलम तर डोळ्यांसमोर दिसतोय. दोन दिवस शोधतोय. शोधायचं कसं?"

तुमचा की-एरर मी सगळ्यात शेवटी सोडवून देतो. आधी सोडवला तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही, हे स्वतःवरून सांगतो.

मी हे काम सतरा-अठरा वर्षं करतोय आणि आजही दिवसातून दहा-पंधरा वेळा शोधतो. त्यामुळे "शोधावं लागतं म्हणजे मला येत नाही" हे आधी डोक्यातून काढा. तुमच्या-माझ्यात फरक एवढाच, की जे शोधायचंय त्याचं नाव मला बहुतेक वेळा माहीत असतं. वैद्याला "पोटात कसंतरी होतंय" सांगणं आणि "जेवणानंतर दोन तासांनी उजवीकडे दुखतं" सांगणं यात जेवढा फरक, तेवढा. तुम्ही काय टाइप केलंत ते लिहिलेलं नाही, पण पैज लावतो की ते "पायथन सीएसव्ही कॉलम नॉट वर्किंग" असं काहीतरी असणार. (इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, शोधताना हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.) "नॉट वर्किंग" हे कुठल्याच अडचणीचं नाव नाही. सर्च इंजिन बिचारं त्यावर काय देणार? सगळ्यांच्या सगळ्या सीएसव्हींची रड तुमच्यापुढे ओततं.

नाव मिळण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे एरर मेसेज, आणि नवशिके नेमका तोच वाचत नाहीत. लाल अक्षरं दिसली की जीव दडपतो, कबूल आहे. पण बघा. समजा विंडोजवर पायथनच्या साध्या ओपन फंक्शनने तुम्ही मराठी मजकुराची फाइल उघडली आणि पंधरा ओळींचा ट्रेसबॅक (कुठून कुठे जाताना एरर आला त्याची यादी) अंगावर आला. तो खालून वर वाचायचा. पायथन स्वतःच पहिल्या ओळीत "मोस्ट रीसेंट कॉल लास्ट" असं सांगतो, म्हणजे सगळ्यात ताजी घटना सगळ्यात खाली. शेवटची ओळ अशी असेल: "युनिकोड-डिकोड-एरर: 'चारमॅप' कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्स८डी इन पोझिशन ११: कॅरेक्टर मॅप्स टू अनडिफाइन्ड".

ही ओळ जशीच्या तशी टाकू नका. "पोझिशन ११" फक्त तुमच्या फाइलमध्ये आहे, जगात दुसऱ्या कुणाला तिच्याशी घेणंदेणं नाही. बाइटचा आकडाही प्रत्येकाचा वेगळा. कुणाला ९डी, कुणाला ९०, कुणाला ८१. फाइलचा पत्ता, तुमच्या नावाचा फोल्डर, व्हेरिएबलची नावं, ओळ क्रमांक, सगळं गाळा. उरतं ते "युनिकोड-डिकोड-एरर", "चारमॅप कोडेक" आणि "कॅरेक्टर मॅप्स टू अनडिफाइन्ड". त्याला पुढे "पायथन" जोडा. मेसेजचा जो तुकडा ठरलेलाच असतो, तो दुहेरी अवतरणात ठेवला की तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं वर येतात.

गाळलेलं मात्र विसरू नका, कारण अनेकदा खरी गोष्ट तिथेच असते. ते ०एक्स८डी काय आहे ठाऊक आहे? तो आपला पायमोडका हलन्त. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात; त्यातल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि हलन्ताचा तिसरा बाइट असतो ८डी. कोणतं एन्कोडिंग ते तुम्ही सांगितलं नाही, तर विंडोजवर पायथन बहुधा १२५२ क्रमांकाचं जुनं युरोपीय कोष्टक घेऊन वाचायला बसतो. त्या कोष्टकात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी ही पाच घरं रिकामी आहेत. म्हणून यादीत "सातारा" आणि "सांगली" असतील तर एरर येतच नाही. ती गपगुमान वाचली जातात, फक्त प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन-तीन विचित्र अक्षरांचा कचरा येतो. "कोल्हापूर" मात्र "ल्" पाशी थांबतं. फाइल याच शब्दाने सुरू होत असेल तर तो हलन्ताचा बाइट मोजून बघा, शून्यापासून मोजत बरोबर अकरावा येतो. आणि "पुणे" पहिल्याच उकाराला अडतं, कारण ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१. (यावर कोल्हापूरकर काय म्हणतील ते मी लिहीत नाही.)

हे इतकं खोलात का सांगितलं? कारण आता निकाल समोर आले की तुम्हाला उत्तरं पारखता येतील. या एररवर साधारण तीन सल्ले सापडतात. एक म्हणतो, एरर्सच्या जागी "इग्नोर" लिहा. दुसरा म्हणतो, एन्कोडिंग "लॅटिन-१" द्या. तिसरा म्हणतो, "यूटीएफ-८" द्या. तिन्हींनी लाल अक्षरं जातात. पहिल्याने न समजलेले बाइट टाकून दिले जातात आणि उरलेल्यांचा कचरा होतो. दुसऱ्या कोष्टकात २५६ च्या २५६ घरं भरलेली असल्यामुळे ते कशालाच नाही म्हणत नाही, पण तुमचं कोल्हापूर वाचताही येत नाही. तिसरा बरोबर, आणि तोही फाइल खरंच यूटीएफ-८ असेल तरच. पहिल्या दोघांच्या खाली "धन्यवाद, चाललं!" असे प्रतिसाद भरपूर असतात, कारण त्या लोकांच्या फाइली इंग्रजी होत्या, एखाददुसरं वाकडं अवतरणचिन्ह गेलं तर त्यांचं काय बिघडतं?

म्हणून उत्तर निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो. हा माणूस एरर का आला ते सांगतोय, की फक्त एररचं तोंड बंद करतोय? कारण न सांगणारं उत्तर शंभर मतं मिळवून वर बसलेलं असलं तरी मी खाली सरकतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तर हे जास्तच लागू. ते २००८ पासून चालू आहे, म्हणजे तिथे पंधरा-सोळा वर्षं जुनी उत्तरं मानाने बसली आहेत. हिरवी खूण असलेलं उत्तर म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला पटलेलं उत्तर, एवढाच तिचा अर्थ. पूर्वी ते कायम सगळ्यात वर चिकटलेलं असायचं; २०२१ मध्ये ती पद्धत काढली. उत्तराखालच्या छोट्या टिपा जरूर वाचा, "नव्या आवृत्तीत हे चालत नाही" हे बहुधा तिथेच कुणीतरी लिहून गेलेलं असतं.

आवृत्तीची गोष्ट नवशिक्याला सगळ्यात जास्त छळते, कारण चूक त्याची नसतेच. पांडाज (तक्त्यांतला डेटा हाताळायची पायथनची लायब्ररी) शिकणारे जवळपास सगळेच एकदा "डेटाफ्रेम ऑब्जेक्ट हॅज नो अॅट्रिब्यूट अपेंड" ला धडकतात. व्हिडिओत मास्तर अपेंड करतात, त्यांचं चालतं, आपलं नाही. मग माणूस स्पेलिंग तपासत बसतो. प्रत्यक्षात ती पद्धत जानेवारी २०२२ च्या १.४ आवृत्तीत "सोडून द्या" म्हणून जाहीर झाली आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये काढूनच टाकली. आता कॉनकॅट वापरायचं. असं काही दिसलं तर शोधात "रिमूव्हड" किंवा "डेप्रिकेटेड" हा शब्द आणि आपली आवृत्ती जोडा. तसंच पायथनचं जुनं उत्तर ओळखण्याची खूण म्हणजे प्रिंटच्या पुढे कंस नसणं, किंवा रॉ-इनपुट आणि एक्सरेंज दिसणं. ते पायथन २ चं, ज्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. गूगलच्या टूल्समध्ये जाऊन निकाल गेल्या एक वर्षाचे मागता येतात, किंवा शोधातच "आफ्टर" लिहून विसर्गासारखी दोन टिंबं आणि साल टाकता येतं. "साइट" लिहून, तशीच टिंबं देऊन संकेतस्थळाचं नाव टाकलं तर फक्त तिथलं मिळतं, आणि नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह दिलं तर तो गळतो. ऑपरेटर एवढे पुरेत. बाकीच्यांची यादी पाठ करून कुणी प्रोग्रामर झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता इंग्रजीचं. बेताचं आहे म्हणता, तर ऐका: शोधायला व्याकरण लागतच नाही. "हाऊ कॅन आय प्लीज" असली वाक्यं रचण्यात वेळ घालवू नका. "पायथन सीएसव्ही रीड मराठी टेक्स्ट गार्बल्ड" हे पाच-सहा शब्द ओळीत मांडले की झालं. कर्ता नाही, काळ नाही, लिंग नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना मी उलट सांगतो, की हा प्रांत तुमच्या बरोबरीचा आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं लांब वाक्यं लिहितात आणि त्यामुळेच चुकतात. वाचताना मात्र थोडं इंग्रजी लागेल, पण तेही ठरावीक दोनशे शब्दांचंच.

खरी अडचण असते ती मेसेज नसताना. प्रोग्राम चालतो, उत्तर चुकीचं येतं, आणि त्या चुकीला काय म्हणतात हेच ठाऊक नसतं. चिन्हांचंही तसंच. पायथनमध्ये दोन टिंबांपुढे बरोबरचं चिन्ह दिसलं तर ते चिन्ह शोधून फारसं हाती लागत नाही, सर्च इंजिन विरामचिन्हं बहुतांशी सोडून देतं. त्याला "वॉलरस ऑपरेटर" म्हणतात हे कळलं की दहा सेकंदांचं काम. जावास्क्रिप्टमधल्या बरोबर-आणि-मोठं-पेक्षा अशा बाणाला "अॅरो फंक्शन", तीन बरोबरच्या चिन्हांना "स्ट्रिक्ट इक्वॅलिटी". नाव नाही, तर शोध नाही.

याचं मला आठवणारं सगळ्यात महागडं उदाहरण आमच्याच टीममधलं. नवीन लागलेल्या एका मुलाला एका कार्यालयाकडून आलेल्या मराठी याद्या वाचून डेटाबेसमध्ये भरायच्या होत्या. वर्डमध्ये मजकूर छान मराठी दिसायचा, पायथनमध्ये आणला की इंग्रजी अक्षरांचा काला. त्याने "पायथन मराठी एन्कोडिंग" शोधलं. उत्तरं भरपूर, सगळी बरोबर, आणि एकही उपयोगाचं नाही. दीड दिवस त्याने एकामागून एक दहा-बारा एन्कोडिंग लावून पाहिली. मी त्याच्या मागून जाताना स्क्रीनवर "मराठी" च्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच अक्षरं दिसली आणि विचारलं, "अरे, वर्डमध्ये फॉन्ट कुठला दाखवतोय?" कृतिदेव! फाइलमध्ये मुळात मराठी नव्हतंच. साधी इंग्रजी अक्षरं होती आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत होता. म चं चित्र ई च्या जागी, र चं जे च्या जागी. एन्कोडिंगचा इथे संबंधच नव्हता. "कृतिदेव टू युनिकोड कन्व्हर्टर" शोधल्यावर पाच मिनिटांत रस्ता दिसला. पुढेही खाचखळगे होतेच. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे नुसती अक्षराला अक्षर बदली केली तर "कि" ची वाट लागते. वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यावी लागते. पण ती नंतरची गोष्ट. दीड दिवस गेला तो चुकीच्या नावाने हाका मारण्यात.

नावच सुचत नसेल तर काय करायचं? पूर्वी मी शेजारच्याला विचारायचो. आता चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांना विचारता येतं, आणि याच कामासाठी ते मला सगळ्यात उपयोगी वाटतात. मराठीत लिहा: "फाइल वर्डमध्ये मराठी दिसते, पायथनमध्ये इंग्रजी अक्षरं दिसतात, या प्रकाराला काय म्हणतात?" कोड मागू नका, नाव मागा. नाव मिळालं की ते घेऊन अधिकृत डॉक्युमेंटेशनकडे जा. थेट कोड मागितला तर तोही मिळेल, पण त्यात कधीकधी अस्तित्वातच नसलेलं फंक्शन असतं, नाहीतर नसलेलं पॅकेज. तसल्या नावाने उद्या कुणी घातक पॅकेज टाकून ठेवलं तर तुम्ही ते निमूटपणे इन्स्टॉल कराल. इन्स्टॉल करण्याआधी पॅकेजचं पान उघडून बघायची सवय तशीही हवी, कारण इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. "नो मोड्यूल नेम्ड सीव्ही२" आलं तर इन्स्टॉल करायचं ते ओपनसीव्ही-पायथन. लिनक्सवर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" आलं, तर सापडणारं सगळ्यात छोटं उत्तर ज्या पर्यायाचं असतं त्याचं नावच "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" आहे. नावातच इशारा लिहिलाय, तरी लोक चिकटवतात. तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरती पॅकेजेसची वेगळी जागा, करायचं असतं.

डॉक्युमेंटेशन रुक्ष असतं, मान्य. सुरुवातीला मलाही ते सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटायचं. पण ते अथपासून इतिपर्यंत वाचायचं नसतं. पायथनच्या पानावर डावीकडे वर आवृत्ती निवडता येते, ती आपली निवडा, पानातल्या पानात आपला शब्द शोधा, फंक्शनची पहिली ओळ आणि खालचं उदाहरण वाचा, बाहेर पडा. वेबचं शिकत असाल तर हाच मान एमडीएन या वेब डॉक्युमेंटेशनच्या संकेतस्थळाचा.

आणि काही वेळा शोधूच नका. पुस्तकातला सराव करताना, उलटी संख्या काढा, मूळ संख्या ओळखा असले प्रश्न सोडवताना त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं म्हणजे व्यायामशाळेत जाऊन दुसऱ्याला जोर मारायला सांगणं. तिथे फक्त भाषेचा तुकडा शोधा: "पायथन रिमेंडर ऑपरेटर" चालेल, "पायथन प्राइम नंबर प्रोग्राम" नाही. शोधलेला कोडही मी चिकटवत नाही, बघून हाताने टाइप करतो. हळू होतं, पण प्रत्येक ओळीला "हे कशाला?" असा प्रश्न आपसूक पडतो. आणि वीस-पंचवीस मिनिटांत काही सापडलं नाही तर टॅब बंद करून ज्या ओळी काढल्या तरी एरर राहतो त्या सगळ्या काढून टाकतो. दोनशे ओळींच्या सात उरल्या की निम्म्या वेळा कारण तिथेच उघडं पडलेलं असतं.

आता तुमचं "गाव". तुम्ही "पायथन की-एरर" शोधलं असणार आणि "स्क्वेअर ब्रॅकेटऐवजी गेट वापरा" हे उत्तर सापडलं असणार. वापरून बघा, एरर जाईल आणि प्रत्येक गावाच्या जागी "नन" येईल. पुन्हा तेच, तोंड बंद करणारं उत्तर. मेसेज फक्त एवढंच सांगतोय की तुम्ही मागितलेली "गाव" ही किल्ली तिथे नाही. मग तिथे काय आहे? हे गूगलला माहीत असणं शक्य नाही, तुमच्या प्रोग्रामला माहीत आहे. डिक्ट-रीडरने (सीएसव्हीची प्रत्येक ओळ कॉलमच्या नावांनिशी देणारं पायथनचं साधन) वाचलेल्या पहिल्या ओळीच्या सगळ्या किल्ल्या प्रिंट करा. माझा अंदाज, पहिली किल्ली "गाव" नसून उलटी तिरपी रेघ, यू-एफ-ई-एफ-एफ आणि मग "गाव" अशी दिसेल. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून फाइल साठवली की एक्सेल सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं, ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. ते "यूएफईएफएफ" पायथनच्या जोडीला टाकून शोधा. पहिल्याच पानावर कळेल की त्या खुणेला "बॉम" म्हणतात आणि एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" दिलं की ती आपोआप निघते. उलट दिशेलाही हेच: पायथनमधून लिहिलेली मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये नीट दिसायला हवी असेल तर लिहिताना "सिग" द्या.

हे झाल्यावर तुम्ही ही यादी दुसऱ्या यादीशी जुळवायला जाल, आणि तेव्हा बहुधा "कऱ्हाड" जुळणार नाही. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं दिसेल. तो आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो: एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरा, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणी चिन्ह, ज्याचं नाव "झिरो विड्थ जॉइनर". "पायथन युनिकोड सेम टेक्स्ट नॉट इक्वल" शोधलंत तर नॉर्मलाइझ करा, एनएफसी वापरा असं सापडेल. युरोपीय अक्षरांसाठी ते बरोबर आहे, पण या दोन रूपांना ते एक करत नाही. मराठीबद्दल नेटवर एवढं सहसा सापडत नाही, त्यामुळे इथे स्वतःच उघडून बघावं लागतं. दोन्ही शब्द रेपर (आर-ई-पी-आर) या अदृश्य चिन्हंही उघडी करणाऱ्या फंक्शनमधून छापा, एकात २००डी दिसेल. मग वाचतानाच र, हलन्त आणि २००डी या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त बसवून टाका. दोन्ही याद्यांना, जुळवण्याआधी.